२१,००० चं खोटं – सामाजिक न्याय विभागाला खुलं पत्र

प्रति,
सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागातले सगळे साहेब आणि मॅडम,
मंत्रालय, मुंबई.

नमस्कार.

मी तुमच्या खात्यातली नाही, पण तुमच्या खात्याचं काम ११ वर्षं केलेलं आहे. हे आधीच सांगते, कारण संजय गांधी निराधार (विधवा, परित्यक्ता, दिव्यांगांची) आणि श्रावणबाळ (६५ च्या पुढच्या म्हाताऱ्यांची) या योजना तुमच्या असल्या तरी त्या चालवायला तालुक्याला तुमचा स्वतःचा एक माणूस नसतो, हे वर माहीत असतं पण लक्षात राहत नाही. जीआर तुमचा, पैसा तुमचा, टेबल महसूलचं. त्या टेबलावर मी बसायचे. मराठवाड्यातल्या एका तहसीलमध्ये अव्वल कारकून, २०१३ पासून संगायो, म्हणजे संजय गांधी योजनेच्या शाखेत, जून २०२४ ला रिटायर. तहसीलचं नाव लिहीत नाही, एक तर हे कुठल्याही तालुक्याला लागू पडेल आणि दुसरं म्हणजे आज तिथे बसलेल्या पोरांना माझ्यामुळे नोटिसा नकोत.

संगायो हा शब्द फक्त ऑफिसात. बाहेर सगळे निराधारचं ऑफिस म्हणतात आणि महिन्याच्या पैशाला म्हणतात पगार. अनुदान नाही, अर्थसहाय्य नाही, निवृत्तिवेतन तर कुणाच्या तोंडात बसतच नाही. "मॅडम, पगार पडला का?" हे खिडकीतून दिवसाला पन्नास वेळा ऐकायचं. मला तो शब्द आवडायचा. जन्मभर दुसऱ्याच्या रानात रोजानं गेलेली बाई पासष्टाव्या वर्षी पगाराची वाट बघते, बघू दे की.

तर मुद्दा. मला तुमच्याशी एकाच आकड्याबद्दल बोलायचंय, तो आकडा म्हणजे २१,०००.

वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे, अशी अट. दिव्यांगांसाठी तुम्ही ती ५०,००० केली, चांगलं केलं, आणि ऑक्टोबर २०२५ पासून त्यांचे पैसे २,५०० केले तेही चांगलं केलं. पण विधवा, परित्यक्ता, ६५ च्या पुढचे म्हातारे, यांना अजून २१,०००च. माझ्या डोळ्यांसमोर ६०० चे १,००० झाले २०१९ ला, १,००० चे १,५०० झाले २०२३ ला, गॅसची टाकी कुठल्या कुठे गेली, २१,००० मात्र तिथेच बसून आहेत. महिन्याला १,७५० झाले, दिवसाला साडेसत्तावन्न रुपये, आणि तेही एका माणसाचे नाहीत, सगळ्या घराचे मिळून.

आता तुम्हीच हिशोब करा, तुमच्याकडे माझ्यापेक्षा चांगले कॅल्क्युलेटर असतील. २०२५-२६ ला रोजगार हमीचा रोज महाराष्ट्रात ३१२ रुपये. म्हणजे घरातल्या एका माणसाने वर्षात ६८ दिवस रोजगार हमीवर माती उचलली की घर २१,००० च्या वर गेलं. आणि हमी शंभर दिवसांची होती! सरकारने कबूल केलेलं काम सरकारने पूर्ण दिलं तर ते कुटुंब सरकारच्याच हिशोबाने निराधार राहत नाही. एक एकर जमीन असली तर पीएम किसानचे ६,००० आणि नमो शेतकरीचे ६,०००, हे १२,००० तिथेच झाले. म्हातारा-म्हातारी दोघांना श्रावणबाळ मिळालं तर वर्षाचे ३६,००० होतात, म्हणजे मोजायचंच म्हटलं तर तुमचेच पैसे घेऊन ती दोघं तुमच्याच मर्यादेबाहेर. आणि आमच्या भागात तर ऊसतोड. एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, उचल (आगाऊ पैसे) घेतली, की २१,००० कधीच मागे पडतात. ती उचल पोराने घेतलेली असते, आधीच्या कर्जात आणि लग्नात गेलेली असते, आणि ऑक्टोबरपासून सहा महिने म्हातारी दोन नातवंडं घेऊन गावात बसलेली असते, हा भाग कुठल्या रकान्यात भरायचा ते मला ११ वर्षांत सापडलं नाही.

मग हे लाखो लोक योजनेत आलेच कसे? खोटं बोलून आले. मी घेतले, आधी तलाठ्याने दाखला दिला, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं त्यांना, तहसीलदारांनी सही केली, समितीने मंजूर केलं. सगळ्यांना माहीत होतं. ई-सेवा केंद्रात उत्पन्नाचा दाखला काढायला गेलं की पोरगा पहिला प्रश्न काय विचारतो? "किती उत्पन्न आहे" असं विचारत नाही. "कशासाठी पाहिजे?" असं विचारतो. निराधारसाठी म्हटलं की २०,०००, कॉलेजच्या सवलतीसाठी म्हटलं की वेगळा, बँकेच्या कर्जासाठी म्हटलं की अजून वेगळा. एकदा माझ्या टेबलावर एकाच घरचे एकाच वर्षाचे दोन दाखले आले होते, आजीच्या फाईलला २०,००० चा आणि चुकून टाचणीला अडकून आलेला नातवाचा ८५,००० चा. सही एकच. मी नातवाचा काढून त्याला परत दिला आणि म्हटलं, हा इथे ठेवू नको बाळा. त्या दिवशी मी काय केलं ते नियमात बसवायचं तर माझ्यावर कारवाई व्हायला पाहिजे होती. पण ती आजी खरंच गरीब होती हो. ८५,००० मध्ये पाच माणसांचं घर, त्यात एकाला शुगर. तिला मी कुठल्या तोंडाने श्रीमंत म्हणू?

तुम्ही म्हणाल, चाललंय ना सगळं, आकडा कागदावर आहे, गरिबाला पैसे मिळतातच, मग अडचण काय. अडचण सांगायलाच हे पत्र आहे.

ज्या माणसाच्या फाईलला खोटा कागद आहे तो माणूस खिडकीवर येऊन मोठ्याने बोलू शकत नाही. ही गोष्ट मला नोकरीला लागल्यावर चारपाच वर्षांनी कळली, आणि कळल्यापासून डोक्यातून गेली नाही. पगार बंद झाला तर एक सरकारी पेन्शनर काय करतो? ट्रेझरीत जातो, साहेबाला भेटतो, अर्ज टाकतो, संघटनेच्या माणसाला घेऊन येतो, आरडाओरडा करतो. निराधारवाली बाई काय करते? गप्प बसते. तिला वाटतं आपलं बिंग फुटलं. दोन महिने, चार महिने, ती वाट बघते, शेजारणीला विचारते, मग एखाद्या गावातल्या पुढाऱ्याला किंवा पुढाऱ्याच्या पुढाऱ्याला विचारते, आणि तो सांगतो की मी बघतो, चालू करून देतो, पण पहिला हप्ता माझा. आणि जास्त बोललीस तर दाखल्याची चौकशी लावीन हेही तोच सांगतो. त्याच्या हातात काठी कुणी दिली? तुमच्या २१,००० ने दिली. खरा दाखला देऊन योजनेत बसता आलं असतं तर त्या बाईवर त्याचं काय चाललं असतं?

माझीच एक चूक सांगते. नाव-गाव सांगणार नाही पण गोष्ट जशीच्या तशी आहे.

एका गावात एकाच नावाच्या आणि एकाच आडनावाच्या दोन आजी होत्या, जावा-जावाच, नवऱ्याचं नाव तेवढं वेगळं. थोरली वारली. ग्रामपंचायतीकडून मयतांची यादी आली, त्यात नुसतं नाव आणि आडनाव. मार्च एन्ड, बिलं कोषागारात टाकायची घाई, ट्रेझरी ऑनलाईन असली तरी मार्चला तिथे जत्राच असते, आणि मी एक्सेलमध्ये नाव शोधून जी ओळ पहिली आली तिच्यापुढे "मयत" टाईप केलं. ती ओळ धाकटीची. म्हणजे मेलेलीचा पगार चालू राहिला आणि जिवंतीचा बंद झाला.

धाकटी सात महिन्यांनी आली. सात! खिडकीजवळ उभी राहिली, बोलेना. मी विचारलं काय झालं मावशी, तर पदर तोंडाला लावून हळूच म्हणाली, "मॅडम, माझं काय चुकलं का?" मी रजिस्टर काढलं, ओळ बघितली आणि माझ्या पोटात गोळा आला. मी म्हटलं, मावशी तुमचं नाही चुकलं, माझं चुकलं. तिला ते पटेचना. तिची समजूत अशी की पोरगा तोडीला जातो हे कुणीतरी ऑफिसात सांगितलं आणि म्हणून पैसे थांबले. ऑफिस चुकू शकतं हा विचार तिच्या डोक्यात शिवलाच नव्हता. मग पुढचं सगळं केलं, हयातीचा दाखला, ग्रामसेवकाचं पत्र, पंचनाम्यासारखा एक जबाब, समोर बसलेल्या जिवंत बाईचा "मी जिवंत आहे" असा अंगठा घेतला, आणि नाव परत चालू झालं. मागचे सात महिने, तेव्हाच्या दराने ७,००० रुपये, ते मात्र देता आले नाहीत. प्रस्ताव टाकला, त्रुटी लागली, परत टाकला, साहेब बदलले, फाईल कुठेतरी गेली. मी रिटायर झाले तेव्हा माझा एक-एक पैसा हिशोबाने मिळाला, एवढंच सांगते.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली होती, कुणाचंही नाव थांबवायच्या आधी गावच्या कोतवालाला फोन करायचा. जीआरमध्ये नव्हतं, माझ्याच मोबाईलच्या बॅलन्समधून. दहातल्या तीनचार वेळा उत्तर यायचं, "हाय की मॅडम, आत्ताच दळण घेऊन गेली."

आता तुम्ही म्हणाल ही जुन्या पद्धतीची रड झाली, आता डीबीटी आलंय. आलंय, डिसेंबर २०२४ पासून तुम्ही पैसे थेट आधारच्या खात्यात टाकायला लागलात, आणि मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. आधी काय होतं ते मला विचारा. बँकेनुसार याद्या करायच्या, पेनड्राईव्हवर न्यायच्या, बँकेचा मॅनेजर कपाळाला हात लावायचा, एक आकडा चुकला की पैसे परत. त्यात तुमचा निधीसुद्धा तीन डब्यांतून येतो, सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, आणि तीनही एकदम कधी येत नाहीत. एकाचे बीडीएसवर, म्हणजे निधी वाटपाच्या सरकारी सिस्टीमवर, दिसायचे, दुसऱ्याचे पुढच्या महिन्यात. गावात काय व्हायचं, एकाच गल्लीत एकीचा पगार आला, समोरचीचा नाही, आणि समोरची मला विचारायची की आमच्याच जातीला का नाही? काय उत्तर देणार? लेखाशीर्ष वेगळं आहे मावशी असं सांगू? मी सांगितलंय तसं, आणि तिने माझ्याकडे जसं बघितलं ते विसरले नाही.

पण डीबीटीने टेबल बदललं, भीती तीच राहिली. रिटायर झाल्यावर माझ्या घरी मंगळवारी आठवडी बाजाराच्या दिवशी बायका येतात, कुणी सांगितलं कोण जाणे, चहा पाजते आणि कागद बघते. एप्रिलमध्ये एक बाई आली, हातात कॅरीबॅग, त्यात तीन पासबुकं. एक जिल्हा बँकेचं, एक सरकारी बँकेचं जुनं जनधनचं, एक पोस्टाचं. तिन्हींत काही नाही. तहसीलला गेली तर तिथल्या पोराने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं "तुमचे पैसे जातायत". बँकेत गेली तर "आमच्याकडे आले नाहीत". दोघंही खरं बोलत होते. आधारला जे खातं शेवटी जोडलं गेलं पैसे तिथे पडतात, आणि तिच्या आधारला चौथंच कुठलं तरी खातं जोडलेलं होतं, कधीतरी कुठल्या तरी कॅम्पमध्ये अंगठा लावला होता, कशासाठी ते तिला आठवत नाही. ते कुठलं खातं हे बघायला ओटीपी लागतो. ओटीपी मोबाईलवर येतो. मोबाईल पोराचा. पोरगा ऊसतोडीवरून अजून परत आलेला नाही, कारखाना लांबचा, फडात रेंज नाही. म्हणजे पैसा मुंबईहून निघाला, ओटीपी उसाच्या फडात गेला आणि बाई माझ्या ओट्यावर.

मी तिला विचारलं, किती महिने झाले? म्हणाली, लेकरू पोटात असल्यासारखे नऊ. मग इतके दिवस का नाही आलीस? तर तेच. "म्हटलं, चौकशी लागली असंल."

वयाचं तर बोलायलाच नको. आमच्या तालुक्यातली निम्मी म्हातारी माणसं एक जानेवारीला जन्मलेली आहेत, आधार काढताना जन्मतारीख माहीत नसली की तेच टाकायचे. वर्ष अंदाजाने. रेशनकार्डावर ६८, आधारवर ६२, दात एकही नाही. ऑफिसात धरायचं आधारच. बोटांचं तसंच, खुरपं धरून आणि भांडी घासून ठसेच राहिलेले नाहीत, मशीनवर दहादा अंगठा दाबून बँक मित्र वैतागतो. आता मोबाईलपुढे चेहरा धरून हयातीची पडताळणी करायची टूम आलीये, ती खरं तर ठशांपेक्षा बरी, पण मोतीबिंदू झालेल्या बाईला "डोळे मिचकवा" सांगणारं ॲप बघून मला हसावं का रडावं कळत नाही.

आता जे मला सगळ्यात जास्त लागलं ते सांगते.

मी रिटायर झाले जून २०२४ ला आणि जुलैमध्ये लाडकी बहीण आली. १,५०० रुपये. तुमच्याइतकेच. पण अट? अडीच लाख. वर्षाला अडीच लाखाच्या आत, आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाच नको. वयाची अट २१ ते ६५. मी तो जीआर घरी बसून दोनदा वाचला, चष्मा पुसून वाचला. म्हणजे ६४ वर्षांची बाई, घरचं उत्पन्न ८५,०००, केशरी कार्ड, ती सरकारच्या लेखी गरीब आहे, दाखला न मागता तिला १,५०० द्यायचे. तीच बाई ६५ ओलांडून श्रावणबाळच्या दारात आली की तिचं तेच घर, तेच कार्ड, तेच ८५,०००, आणि ती आता श्रीमंत. एका वाढदिवसात! तेही बहुतेक एक जानेवारीच्या. आता तिला काय करावं लागतं? ई-सेवा केंद्रात जाऊन "कशासाठी पाहिजे" ला उत्तर द्यावं लागतं. जन्मात कधी खोटं न बोललेल्या बाईला पासष्टीला तुम्ही खोटं बोलायला लावता.

आणि ज्या आधीपासून निराधारमध्ये आहेत त्यांचं बघा. नवरा नसलेली पन्नाशीची बाई, तिला निराधारचे १,५०० मिळतात म्हणून तिला लाडकी बहीण नाही. बरोबर आहे, दोन्ही नको द्यायला. पण तिच्या शेजारीण बाईला नवरा आहे, मुलगा आहे, दोन एकर बागायत आहे, तिलाही १,५००च. आणि विधवेने २१,००० चा दाखला द्यायचा, हयातीचा द्यायचा, मुलगा २५ चा झाला की पगार बंद होईल का ही धाकधूक सुरू, मग तो चाकणला कंत्राटी लागलेला असो नाही तर पाराखाली बसलेला असो. बाजारात एका बाईने मला विचारलं, "मॅडम, निराधार सोडून लाडकीत जाता येतं का?" मी हसले आणि मग माझं मलाच वाईट वाटलं, कारण प्रश्न एकदम बरोबर होता. एकीचं नाव लाडकी ठेवायचं आणि एकीचं निराधार, नावातच कळतं कुणाला कुठे बसवलंय. २०२५ मध्ये तुमच्या विभागाचा निधी तिकडे वळवला म्हणून तुमचे मंत्रीच जाहीर नाराज झाले होते, म्हणजे मी काही नवीन सांगत नाहीये.

उलट बाजूही मला माहीत आहे, नाही तर तुम्ही म्हणाल बाई एकतर्फी लिहिते. घोटाळे आहेत. दारात ट्रॅक्टर उभा असलेल्यांचे बाप माझ्या यादीत होते. निवडणुकीच्या आधीच्या समितीच्या मीटिंगमध्ये एका संध्याकाळी किती प्रकरणं मंजूर व्हायची आणि त्यात कुणाची कोण असायची ते मी टिपणी लिहिताना बघितलंय. मेलेल्या माणसाचे पैसे पोरं एटीएममधून काढतात हेही खरं. पण गंमत बघा, २१,००० च्या अटीने यातलं कोण अडलं? ट्रॅक्टरवाल्याला २०,००० चा दाखला काढायला जड जातो का? त्याला तर घरपोच मिळतो. अट अडवते ती फक्त सरळ माणसाला, आणि जो अडत नाही त्याला जन्मभर घाबरवून ठेवते. खोटे शोधायचे तर ज्यांच्याकडे चारचाकी, ट्रॅक्टर, सरकारी नोकरी, इन्कमटॅक्स आहे ते सगळं आता आधारवर एका बटणात दिसतं, ते बघा ना. आकड्याला कशाला बसलाय चिकटून.

आणि सर्वोच्च न्यायालयाच्या एका गोष्टीची आठवण करून देते, आमच्या शाखेत जुन्या फायलीला लावलेलं होतं म्हणून मला माहीत. अन्नाच्या अधिकाराच्या केसमध्ये २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात म्हातारपणाच्या राष्ट्रीय पेन्शनबद्दल सांगितलंय की पैसे दर महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचे. त्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा किती, ८० च्या आतल्याला महिन्याला २०० रुपये, २००६-०७ पासून तेवढाच. पुढचे राज्याने घालून १,५०० होतात. २०० का असेनात, पण सात तारीख कोर्टाने सांगितलेली आहे. माझ्या ११ वर्षांत सात तारखेला पगार किती वेळा पडला? बोटं जास्त होतील.

मग काय करा म्हणून सांगू? फार मोठं काही नाही. लाडकी बहीणला जी अट आहे तीच इकडे लावा. पिवळं-केशरी कार्ड असेल तर दाखला नको, बस. लाभार्थी वाढतील म्हणाल, तर जे वाढतील ते आजही खरे गरीबच आहेत, फक्त खोटं बोलायला घाबरले म्हणून बाहेर राहिलेत, आणि तसे प्रत्येक गावात आहेत. आमच्या गल्लीत एक मास्तरांची विधवा बहीण होती, मला खोटा दाखला नको म्हणाली आणि शेवटपर्यंत लोकांच्या वाती वळत राहिली.

दुसरं, नाव थांबवायच्या आधी त्या माणसाला कागदावर कळवा. मेसेज नको, मेसेज पोराच्या फोनवर जातो. एक साधी चिठ्ठी, मराठीत, मोठ्या अक्षरात, का थांबवतोय, काय आणून द्यायचं, कुणाकडे, किती तारखेपर्यंत. कोतवालाने घरी नेऊन द्यायची आणि अंगठा आणायचा. आणि थांबवलं ते चुकीचं निघालं तर मागचे सगळे महिने द्यायचे, न मागता, बाईने अर्ज न करता. चूक आमची असेल तर ७,००० तिने का सोडायचे?

आणि माणसं द्या. दोन क्लार्क आणि एक नायब तहसीलदार ज्याच्याकडे अजून तीन टेबलांचा चार्ज, यांच्यावर अख्ख्या तालुक्याचे म्हातारे. सप्टेंबर २०२५ ला आमच्याकडे अतिवृष्टी झाली तेव्हा सगळी पोरं पंचनाम्याला गेली, जायलाच पाहिजे होती, लोकांच्या जमिनी खरवडून गेल्या होत्या. पण त्यात निराधारच्या खिडकीवर कोण बसणार? तुमचा स्वतःचा एक माणूस असता तर तो बसला असता. इलेक्शन आलं की तसंच, जनगणना आली की तसंच. तुमच्या खात्याचं काम नेहमी दुसऱ्याचं काम संपल्यावर होतं.

एवढं लिहून मी थांबणार होते. तुमच्यापैकी कुणी कधी आमच्याकडे दौऱ्यावर आलात तर तहसीलदारांच्या केबिनमध्ये बसू नका, बाहेर खिडकीशेजारच्या बाकावर बसा अर्धा तास. बाक मोडका आहे, डावीकडे बसा.

आपली,
एक निवृत्त अव्वल कारकून, संगायो शाखा

ता. क. – हे पोस्ट करायच्या आधीच त्या तीन पासबुकवाल्या बाईचा शेजारच्यांच्या फोनवरून फोन आला. पोरगा तोडीवरून आला, ओटीपी मिळाला, चौथं खातं सापडलं. सिमकार्ड घेताना दुकानदाराने काढून दिलेलं होतं म्हणे. नऊ महिन्यांचे १३,५०० तसेच पडून आहेत. मी म्हटलं, अगं मग काढून आण की उद्याच. तर थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "मॅडम, सगळे एकदम काढले तर कुणी इचारणार नाही ना?"